चंद्रव्वाच्या लेकीची पाठ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या बायका लग्नसराई आली की एकमेकींना सांगायच्या, पोलकी चंद्रव्वाकडनंच शिवून घ्या, अंगाला नीट बसतात. रस्त्याकडच्या खिडकीखाली तिचं मशीन होतं. सकाळचं रांधणं उरकलं की ती त्याच्यापुढं बसायची ती उजेड जाईपर्यंत. नवरा ईरप्पा सूतगिरणीत पाळीवर जायचा. थोरला मुलगा अगदी लहान असताना घटसर्पानं गेला होता. दवाखान्यात नेला आणि त्याच संध्याकाळी गेला. तेव्हापासून चंद्रव्वा दवाखान्याचा रस्ता टाळायची, बाजाराला जायचं तरी वळसा घालून जायची. मागं राहिली होती एकटी दाक्षायणी. घरात तिला दाक्षव्वा म्हणत. घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, असं त्या पोरीचं बोलणं लहानपणापासून दोन्हीकडं सारखं चालायचं.

दाक्षायणीला बारावं सरून तेरावं लागलं, त्या दिवाळीला चंद्रव्वानं तिला खणाचं पोलकं शिवलं. अंगात घालून बघितलं तर उजवीकडनं ते वर उचललं जात होतं आणि डावीकडं कापड लोंबत होतं. कापताना आपलंच चुकलं असेल म्हणून तिनं शिवण उसवली, पुन्हा बेतून शिवलं. पुन्हा तेच. तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"उबी ऱ्हा बगू सरळ," ती म्हणाली.

"सरळच हाय की, अव्वा."

तेवढ्यात मशीनवरचं रीळ घरंगळत खाली गेलं. दाक्षायणी ते उचलायला वाकली आणि चंद्रव्वाला दिसलं. उजव्या फऱ्याखाली पाठ वर आली होती, आतून कुणी मूठ लावून ढकलावी तशी. कण्याची रेघ मधोमध उतरायची ती एका बाजूला सरकली होती आणि कमरेपाशी पुन्हा दुसरीकडं वळली होती. तिनं पोलकं काढून घेतलं, पोरीला खेळायला पिटाळलं आणि खिडकीचं एक दार लोटून घेतलं. आपल्याशिवाय आणखी कुणी हे बघितलं असेल का, हा पहिला विचार तिच्या मनात आला.

तिनं कुणाला सांगितलं नाही. ईरप्पालाही नाही. डावीकडच्या अस्तरात तिनं कापसाचा पातळ थर भरला, उजवीकडची शिवण सैल केली आणि पोलकं असं बसवलं की बघणाऱ्याला दोन्ही खांदे सारखे दिसावेत. शाळेचा ब्लाउजही तसाच शिवला. वेणी पाठीवर उजवीकडंच सोडायची, ओढणीचं टोक काढायचं नाही, मुलींबरोबर नळावर अंघोळीला बसायचं नाही, असे नियम झाले. पोरीनं कारण विचारलं नाही. आई आपल्या पाठीकडं बघते तेव्हा तिचे ओठ आवळले जातात, एवढं तिला कळत होतं, आणि तेवढ्यानंच ती घाबरून गेली होती.

दुपारी दार लावून चंद्रव्वा तिची पाठ कोमट तेलानं रगडायची. चौकटीला धरून लोंबकळ म्हणायची. पोरगी हात सुटेपर्यंत लोंबकळायची आणि मग आईच्या तोंडाकडं बघायची, कमी झालं का म्हणून. कमी होत नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी अस्तरातला कापूस वाढवावा लागत होता. लहानपणापासून ही पोर सरकारी नळावरून डाव्या कमरेवर घागर आणायची, त्यानंच कणा वाकडा झाला असं चंद्रव्वाच्या मनानं घेतलं. तिनं ती घागर माळ्यावर टाकली आणि पाणी स्वतः आणायला लागली.

दुसरी दिवाळी उलटून जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली आणि ईरप्पाची थोरली बहीण अक्कम्मा दुधनीहून आली. अक्कम्माचा घरात दरारा होता. दुधनीच्या बाजारात नवऱ्याच्या मागं तिनं भुसाराचं दुकान चालवलं होतं, आणि बोलताना समोरच्याचं मन राखायची तिला सवय नव्हती. आपला मुलगा बिरप्पा याच्यासाठी भावाचीच पोरगी करायची हे तिच्या मनात होतं, तसं ती बोलूनही दाखवायची. चंद्रव्वाला वर्षभर हीच भेट नको होती.

जेवणं झाल्यावर अक्कम्मानं भाचीला जवळ ओढलं आणि लाडानं पाठीवर हात फिरवला. हात मध्येच थांबला. बोटांनी तिनं अस्तर चाचपलं.

"चंद्रव्वा, ह्यात काय कोंबलंयस?"

अक्कम्मानं पोरीला आतल्या खोलीत नेलं आणि कडी लावली. बाहेर चंद्रव्वा भांड्यांपाशी उकिडवी बसून राहिली. आता ही बाहेर येईल, आळीभर ऐकू जाईल असं बोलेल, उद्या दुधनीत, परवा अक्कलकोटात सगळ्या पाव्हण्यांना कळेल, पोरीचं कायमचं वाटोळं होईल, हे सगळं तिनं त्या कडीकडं बघत मनात भोगून घेतलं.

अक्कम्मा बाहेर आली ती हळू आवाजात बोलली. "कवापासनं?"

"दुसरी दिवाळी झाली."

"आनि तू शिवत बसलीस." ती भावजयीसमोर खाली बसली. "लग्नाचं ऱ्हाऊ दे बाजूला. ती श्वास कसा घेतीया, बगितलंयस का? मी आतमदी तिला नुसतं बोलतं केलं तर तिला धाप लागली. पाठ वाकडी हाय म्हनून भितीस तू. आतलं काळीज दबत आसंल त्याचं काय?"

हे चंद्रव्वानं बघितलं नव्हतं. ती पाठीकडंच बघत राहिली होती. दुसऱ्या दिवशी अक्कम्मानं दोघींना पुढं घालून हॉस्पिटलात नेलं.

तिथले हाडांचे डॉक्टर तरुणच होते, मुंबईला शिकून आलेले. त्यांनी दाक्षायणीला वाकायला सांगितलं, उभं केलं, मग फोटो काढायला पाठवलं. काचेवर लावलेल्या त्या काळ्या फिल्ममध्ये चंद्रव्वानं आपल्या लेकीचा कणा बघितला. एकावर एक मणके, आणि सगळी ओळ वळलेली.

"घागरीनं झालं का डॉक्टर?" तिनं विचारलं.

"नाही बाई. घागरीनं नाही, झोपण्यानं नाही, तुमच्या कशानं नाही. काही मुलींना वाढीच्या वयात होतं. का होतं ते आम्हालाही माहीत नाही."

चंद्रव्वाला यानं हलकं वाटायला हवं होतं. उलट तिला जास्त भीती वाटली. घागर माळ्यावर टाकता येत होती. कारणच नसलेल्या गोष्टीपुढं काय करायचं?

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. बाक अजून वाढणार. बरगड्या फुप्फुसावर दाबत जाणार. ऑपरेशन आहे. पाठ उघडून कण्याला पोलादी कांब बसवायची, खालून-वरून आकड्यांनी अडकवायची, खाचा-खाचांनी ताणत कणा जमेल तेवढा सरळ करायचा आणि कमरेचं थोडं हाड काढून मणक्यांवर घालायचं, म्हणजे सगळं एकजीव होईल. मग कितीतरी महिने प्लास्टरमध्ये झोपून राहायचं.

"धोका?" अक्कम्मानं विचारलं.

"कण्याच्या आत मज्जारज्जू असतो. ताण जास्त झाला तर त्याला इजा होते. मग पाय जातात. फार थोड्या जणांचे, पण जातात. हे मी लपवणार नाही."

"हितं तुमी किती पोरींचं केलंय?"

"इथं एकीचं. मुंबईत बऱ्याच जणींचं, माझ्या सरांबरोबर."

दाक्षायणी स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. तिला बाहेर पाठवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

घरी ईरप्पानं सगळं ऐकलं आणि मान हलवली. "वाकडी तर वाकडी. चालतीया की आपल्या पायानं. असलेले पाय घालवायला मी सही करनार न्हाय." त्याच्या नकारात आणखी एक भीती होती आणि ती तो उघड बोलत नव्हता. ते आणीबाणीचं वर्ष होतं. हॉस्पिटलात गेलेल्या गड्याला धरून नसबंदी करतात, अशी गिरणीत जोराची कुजबुज होती. कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, प्रत्येकाकडं एक गोष्ट होती. ईरप्पा तर रस्त्यात सरकारी जीप दिसली की बोळात शिरायचा.

चंद्रव्वा मनातल्या मनात नवऱ्याच्या बाजूची होती. रोज ती ठरवायची, आज बोलू, आणि रोज दिवस मावळायचा. उन्हाळा गेला, पाऊस झाला. दाक्षायणी आता शाळेतून येताना वाटेत दोनदा ओट्यावर टेकायची. वर्गात उभं राहून धडा वाचताना तिला ओळीच्या मधेच श्वासासाठी थांबावं लागायचं आणि पोरी हसायच्या. तिनं हे घरी सांगितलं नव्हतं. शेजारणीच्या मुलीकडून ते चंद्रव्वाच्या कानावर आलं.

एका दुपारी चंद्रव्वा तिच्या पाठीला तेल लावत होती, तेव्हा पोरगी पालथी पडल्या-पडल्या म्हणाली, "अव्वा, तू माज्याकडं बगतीस तवा पाठीकडंच बगतीस. तोंडाकडं बगून किती दिवस झालं तुला."

चंद्रव्वाचा हात थांबला.

"मला बी भ्या वाटतंय. पाय गेलं तर काय करू मी? पर हे आसं हळूहळू दबत जायचं, त्याचं मला जास्त भ्या वाटतंय. अप्पाला सांग की."

चंद्रव्वानं त्याच दिवशी ईरप्पाला सांगितलं. भांडण झालं. ईरप्पा जेवला नाही. "पोरीचं काय झालं तर तुजं तोंड बगनार न्हाय," असं म्हणाला आणि सकाळी पाळीवर जाता-जाता उंबऱ्यात थांबून म्हणाला, "सही कुटं करायची ती सांग."

दसऱ्यानंतर दाक्षायणीला हॉस्पिटलात ठेवलं. आधी काही आठवडे हनुवटीला आणि डोक्याला पट्टे बांधून, पायाकडून वजनं लावून तिला ताणून झोपवलं, म्हणजे कणा थोडा सैल व्हावा. ती हलू शकत नव्हती. छताकडं बघत पडायची. चंद्रव्वा घास बारीक करून तिच्या तोंडात घालायची आणि वॉर्डातल्या प्रत्येक रडण्यानं दचकायची. मुलगा गेला ते हॉस्पिटल हे नव्हे, हे ती स्वतःला सांगायची. वास मात्र तोच होता.

एक दिवस भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आल्या. वयानं मोठ्या, आवाज मऊ. खाटेवर टेकून त्या दाक्षायणीला म्हणाल्या, "हे बघ बाळ, ऑपरेशनच्या मध्येच मी तुला थोडी जागी करणार. पूर्ण नाही, अर्धवट. दुखणार नाही, नंतर आठवणारही नाही. मी म्हणेन मूठ आवळ, तू आवळायची. मग म्हणेन पाय हलव, तू बोटं हलवायची. तेवढ्यावरून आम्हाला कळतं की पाय ठीक आहेत. मग लगेच पुन्हा झोप."

"पाठ उघडी असताना?" पोरीनं विचारलं.

"हो."

बाई गेल्या. उघड्या पाठीनं आपली लेक जागी होणार, हे चित्र काही केल्या चंद्रव्वाच्या डोळ्यांपुढनं हलेना. मग पोरगीच म्हणाली, "अव्वा, आपून शिकून ठिवू या. तू म्हन." आणि त्या दिवसापासून चंद्रव्वा मधेच कधीही कानडीत म्हणायची, दाक्षव्वा, पाय हलव, आणि चादरीच्या टोकाला दहा बोटं हलायची.

रक्त लागणार होतं. आधी ईरप्पाचं नाव निघालं. तो दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी गिरणीतल्या कासीमला बरोबर घेऊन आला. कासीम त्याच्याच खात्यात, पलीकडच्या मशीनवर काम करणारा. दाराशी ईरप्पाचे पाय अडखळले तेव्हा कासीमनं त्याचा दंड धरला. "चल की ईरप्पा. दोगांस्नी कोन धरतंय? धरलं तर दोगंबी वरडू." दोघांनीही रक्त दिलं. बाहेर येऊन ईरप्पा भिंतीला टेकून बसला. तोंडावर घाम होता, पण तो पळून गेला नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दाक्षायणीला नेताना तिनं आईचा पदर मुठीत धरला होता. दारापाशी सिस्टरनं एकेक बोट सोडवलं. दार मिटलं. बाहेरच्या बाकावर चंद्रव्वा, अक्कम्मा आणि ईरप्पा बसले. अक्कम्मा आदल्या दिवशीच दुधनीहून आली होती. अक्कम्मा गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून ओठ हलवत होती. चंद्रव्वाला देवाचं नावही घेता येईना. घेतलं आणि काही झालं तर पुढं कुणाचं नाव घ्यायचं, असं तिला वाटत होतं.

ऊन अंगणातून सरकत भिंतीपर्यंत गेलं, तेव्हा दार उघडलं आणि तोंडाला फडकं बांधलेली सिस्टर घाईनं बाहेर आली.

"दाक्षायणीची आई कोण? घरी तिला काय म्हणून हाक मारता? कुठल्या भाषेत बोलता?"

"दाक्षव्वा. कानडीत. का? काय झालं?"

"भूल देणाऱ्या बाई हाका मारतायत, ती ओ देत नाही. तुम्ही चला आत."

अक्कम्मानं चंद्रव्वाला काखेत हात घालून उभं केलं. आत एका खोलीत तिच्या अंगावर हिरवा झगा चढवला, केसांवर फडकं बांधलं, तोंड झाकलं, पाय धुवायला लावले. सिस्टर बजावत होती, "वर बघायचं नाही. टेबलाच्या शेवटाला पाय दिसतील, तेवढेच बघायचे. पडाल असं वाटलं तर आधी सांगा."

आत फार उजेड होता. चंद्रव्वानं नजर खाली ठेवली ती ठेवलीच. हिरव्या कापडांच्या ढिगातून दोन पावलं बाहेर आली होती. टाचा वर, बोटं खाली. तीच पावलं. डाव्या टाचेवरचा भाजल्याचा डाग. बाकी काहीच आपल्या लेकीचं नव्हतं.

भुलीच्या बाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खाली वाकून बसल्या होत्या. "बोला. मोठ्यानं बोला. आधी मूठ आवळायला सांगा."

चंद्रव्वानं कानडीत सांगितलं, दाक्षव्वा, मी अव्वा, मूठ आवळ.

"आवळली," बाई म्हणाल्या. "ऐकू येतंय तिला. आता पाय."

"दाक्षव्वा, काल अळगाडसव्वा." पाय हलव गं बाई.

पावलं तशीच राहिली.

"पुन्हा."

तिनं पुन्हा म्हटलं. वॉर्डात म्हणायची तसं, तेवढ्याच हळू. पुन्हा काहीच नाही. कुठलं तरी यंत्र सुसकारा टाकावा तसा आवाज करत होतं. चंद्रव्वाला वाटलं, आपण आता ओरडणार. तिनं दात ओठात रोवले.

"एक खाच सोडतोय," वरून डॉक्टरांचा आवाज आला. धातूवर धातू सरकल्याचा बारीक आवाज झाला. "आणखी एक. बोलवा."

"दाक्षव्वा, काल अळगाडसव्वा."

उजव्या पायाचा अंगठा हलला. मग त्याच्या शेजारची बोटं. डावा पाय दगडासारखा पडून होता.

"उजवा हलला," सिस्टर म्हणाली. "डावा नाही."

पुन्हा तो बारीक आवाज. डॉक्टर म्हणाले, थांबा, लगेच नको, थोडा वेळ द्या. ते थांबणं किती होतं हे चंद्रव्वाला पुढंही कधी सांगता आलं नाही. तिची नजर त्या भाजल्याच्या डागावर खिळली होती. पोर चुलीपाशी रांगत आली होती तेव्हाचा डाग. मग कुणी न सांगताच तिनं हाक मारली, जोरात, आळीतून घरी बोलवायची तशी. डाव्या पायाचं धाकटं बोट थरथरलं. पुन्हा थरथरलं. मग तळवा किंचित आक्रसला.

"बस्स," डॉक्टर म्हणाले. "इथंच थांबायचं. यापेक्षा सरळ करायचं नाही. बाईंना बाहेर न्या."

बाहेर आल्यावर ईरप्पानं विचारलं, "काय?" चंद्रव्वा म्हणाली, "हलवलं." आणि तिथंच भिंतीपाशी बसून ओकली.

दाक्षायणी जगली, शुद्धीवर आली, तिनं पाणी मागितलं. तिला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. डाव्या पायात मात्र जोर नव्हता. बोटं हलायची, पाऊल उचलायचं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. चंद्रव्वानं त्यांच्या तोंडाकडं बघून ठरवायचा प्रयत्न केला की हे खरं आहे की धीर देणं आहे. तिला ठरवता आलं नाही.

मग प्लास्टर आलं. हनुवटीपासून कमरेखालपर्यंत पांढरं, टणक. त्यातून फक्त चेहरा, हात आणि पाय बाहेर. घरी आणली तेव्हा तिला दारातून आत घ्यायला चार माणसं लागली. खाट मशीनशेजारी ठेवली. आळीतल्या बायका बघायला यायच्या, कुणी डोळ्यांना पदर लावायची, कुणी बाहेर जाऊन म्हणायची, हे आता उठायचं न्हाय. थंडीत बरं होतं, पण माघ सरला आणि सोलापूरचं ऊन पत्र्यातून उतरायला लागलं. प्लास्टरच्या आत खाज सुटायची, घामानं कातडं सोलायचं, आणि पोरगी दातावर दात दाबून पडून राहायची. चंद्रव्वा पंख्यानं वारा घालायची, एका हातानं मशीन चालवायची आणि मधेच वळून म्हणायची, "पाय हलव."

एकदा पोरगी चिडली. "हलत्यात, अव्वा! सारकं इचारू नको. तू इचारलंस की मला वाटतं आता हलनार न्हाईत."

तेव्हापासून चंद्रव्वा विचारायची थांबली. नुसती बघायची, चोरून.

फाल्गुनात एका सकाळी दाक्षायणीनं डावं पाऊल घोट्यातून वर उचललं. अगदी थोडं. तिनं आईला हाक मारली नाही. चंद्रव्वाला मशीनवरूनच दिसलं. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही, बोलल्यानं ते जाईल अशा भीतीनं.

उन्हाळ्याच्या शेवटी प्लास्टर करवतीनं कापलं. ते यंत्र अंगाजवळ आलं तेव्हा पोरगी पहिल्यांदाच मोठ्यानं किंचाळली. आतून निघाली ती बारीक, पिवळट, कुजकट वास येणारी पोर. उभी केली तर चक्कर येऊन सिस्टरच्या अंगावर पडली. पण उभी राहिली तेव्हा आईपेक्षा उंच होती. पाठीला बाक होता, पहिल्यासारखा नव्हे, नीट बघितलं तर कळेल एवढा. डॉक्टर म्हणाले, एवढा राहणारच. कांबही आतच राहणार. डावी चप्पल चालताना फरशीवर घासायची आणि ती पुढंही घासतच राहिली. पण श्वास तिला पुरायला लागला. पुढच्या वर्षी तिनं वर्गात उभं राहून अख्खा धडा वाचला. हसायच्या त्या पोरी आता पुढच्या इयत्तेत गेल्या होत्या.

बिरप्पाचं लग्न दुसरीकडं झालं. अक्कम्मा स्वतः येऊन सांगून गेली. "माज्या मनात होतं, चंद्रव्वा. पर पोराच्या मनात न्हाय, आनि मी त्याला जबरदस्ती केली तर ती पोरगी माज्या घरात आयुष्यभर खाली मान घालून ऱ्हाईल." चंद्रव्वाला वाईट वाटलं. दाक्षायणीला वाटलं की नाही, हे तिनं कधी दाखवलं नाही. मॅट्रिक झाल्यावर ती शिक्षिका व्हायचं शिकायला लागली.

वर्षातून एकदा तपासणीला जावं लागायचं. तशाच एका खेपेला बाकावर करकंबहून आलेली एक बाई बसली होती. सुगराबी नाव. शेजारी तिची साबेरा, ऑपरेशनाआधीच्या दाक्षायणीसारखीच, एक खांदा वर. डॉक्टरांनी सुगराबीला सांगितलं होतं, त्या बाईंशी बोलून बघा.

"डर वाटत न्हाय का ओ?" सुगराबीनं विचारलं.

चंद्रव्वाला तिला धीर द्यायचा होता. पण तोंडातून खरं तेच आलं. तिनं सगळं सांगितलं. पदर मुठीतून सोडवला ते, दोन पावलं दिसली ते, हाक मारली आणि काही हललं नाही ते. सुगराबीचा चेहरा पांढरा पडला. ती उठली, पोरीचा हात धरला आणि एस्टी गाठायची म्हणून निघून गेली.

घरी येऊन चंद्रव्वाला अन्न गोड लागेना. आपण त्या पोरीचा श्वास बंद करायला निघालो, असं तिला वाटत राहिलं. दाक्षायणी म्हणाली, "खरंच सांगितलंस की. तेवढंच कुनीतरी सांगाया पायजे." पण चंद्रव्वाच्या जिवाला स्वस्थता नव्हती. करकंबचं कुणी भेटलं की ती विचारायची. कुणाला काही माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर सुगराबी भवानी पेठेत चंद्रव्वाचं घर विचारत आली. साबेराला हॉस्पिटलात ठेवलं होतं. "तुमी खरं बोलला म्हनून आले," ती म्हणाली. "बाकी समदी म्हनत्यात काय होत न्हाय. त्येंच्यावर इस्वास बसंना. आप्रेशनच्या दिवशी तुमी येता का, माज्यासंगट बसाया?"

लग्नसराईची पोलकी मशीनवर पडली होती. चंद्रव्वानं ती बाजूला सारली आणि त्या सकाळी जाऊन त्याच बाकावर बसली. सुगराबीचा हात तिनं धरून ठेवला होता आणि दोघींचे हात सारखेच गार होते. या खेपेला आपली लेक आत नाही, हे माहीत असूनही चंद्रव्वाचं काळीज तसंच धडधडत होतं. दार उघडलं तेव्हा दोघी एकदम उठल्या.

"दोन्ही पाय हलवले," सिस्टर म्हणाली. "पहिल्याच हाकेला."

सुगराबी रडायला लागली. चंद्रव्वानं तिला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं, साबेराला बाहेर आणेपर्यंत थांबली. मग ती एकटी चालत घराकडं निघाली. वाटेत ती एका दुकानाच्या पायरीवर टेकली. दुकानदारानं विचारलं, बरं वाटत नाही का? ती म्हणाली, "बरं हाय की. भ्याले होते लई." आणि जरा वेळानं उठून चालायला लागली.